बिजागरी

टेमुकोत जून महिन्यात धूर असतो,
ओल्या लाकडांचा, घराघरातल्या शेगड्यांचा.
तळघराला खिडकी नाही, तरी तो वास
माझ्या लोकरी टोपीत बसून खाली येतो
आणि सिंकपाशी माझ्याआधी उभा राहतो.

मी यास्ना पाइनेमाल. मी दुर्बिणी धुते.
वरच्या मजल्यावर डॉक्टर ती घशातून उतरवतात,
जठर ओलांडून आतड्याच्या वळणावर थांबतात.
तिथे भिंतीत एक दार आहे, मसुराएवढं,
पित्त त्यातून येतं.
दारातून तार सरकते, खडा निघतो किंवा निघत नाही,
मग दुर्बीण माझ्याकडे, बादलीत, झाकण लावून,
कुणाचं तरी हिरवं अंगावर घेऊन.

टोकाशी पोलादी जिभली आहे, तार उचलून धरणारी.
जिभलीमागे बिजागरी.
बिजागरीमागे काय असतं ते मी पाहिलेलं नाही.
जिभली वर, ब्रश वीस वेळा.
जिभली खाली, ब्रश वीस वेळा.
मी आईच्या भाषेत मोजते: किन्ये, एपू, क्युला…
स्पॅनिशमध्ये मोजलं की मन भलतीकडे जातं.

मंगळवारी दोन एलिसेओ कुरिकेओ आले,
बुदी सरोवराकाठचे, बटाटे लावणारे.
आरोमो अजून फुलला नव्हता,
त्यांचे डोळे मात्र फुलले होते, तसेच पिवळे.
दोन खडे निघाले. तिसरा हटून बसला.
बारीकशी प्लास्टिकची नळी ठेवून त्यांना वर पाठवलं.
संध्याकाळी त्यांनी सूप मागितलं, आणखी थोडं मागितलं.

नऊ वाजता हुडहुडी.
पलंगाच्या कड्या अशा वाजायला लागल्या
की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा
भूकंप समजून उठला आणि
सलाईनचा खांब हातात धरून
दाराच्या चौकटीखाली जाऊन उभा राहिला.
निदिया नर्सने दोन्ही दंडांतून रक्त घेतलं, दोन बाटल्या.
पहाटेपर्यंत दोन्हीत जंतू बोलू लागले.

मग रजिस्टर खाली आलं.
कोणती दुर्बीण? तीन नंबर.
कुणी धुतली?
माझी सही, जरा तिरकी, त्या दिवशी पेन संपत आलं होतं.

कुठे पाणी मुरतंय, जो तो विचारत होता,
आणि भीती तर खरोखर मुरलेल्या पाण्याचीच:
नळीत रात्रभर राहिलेला एक थेंब,
थेंबात ज्यांना नाव द्यायला सूक्ष्मदर्शक लागतो अशी वस्ती.
डॉक्टर उयोआ म्हणाले, त्यांचंच असेल, यास्ना,
तुंबलेलं पित्त, आम्ही रंग सोडला, दाब वाढला,
आतलं होतं ते रक्तात शिरलं. होतं असं.
मी मान हलवली.
मान हलवणं म्हणजे पटणं नव्हे.

तीन नंबर मोहोरबंद होऊन प्रयोगशाळेत गेली.
ते तीन दिवस मी घरी भांडीसुद्धा मोजून घासली.
अहवाल शुक्रवारी आला: काही उगवलं नाही.
बटाटे लावणाऱ्याला हे वाक्य शापासारखं लागलं असतं.
मी भिंतीला टेकून खाली बसले.

तर मी धुतल्या तांदळासारखी, कागद म्हणतो.
पण जिथे ब्रश पोचत नाही
तिथून नमुना तरी कोण आणणार?

दहाव्या दिवशी लिफ्टपाशी ते भेटले,
चार किलोंनी हलके, टोपी हातात.
डोळ्यांतला पिवळा बराच उतरलेला.
तू कोण गं? म्हणाले.
मी इथे धुते.
काय धुतेस?
मी सांगितलं.
ते बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले,
बियाण्याचा बटाटा पारखावा तसे.

एक खडा राहिलाय, म्हणाले,
ऑगस्टमध्ये परत यायचंय.
लिफ्ट आली. आत शिरता शिरता वळून,
कपबशीबद्दल बोलावं इतक्या सहज:
नीट धू हं, पोरी.